मयताचं बारसं

‘मी म्हणजे कोण?’ हा प्रश्न आमच्या सांगलीच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या पेपरात नेमानं यायचा आणि मला त्यात भरघोस मार्क पडायचे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे घडलं त्याला कुणी अडाणी खेडुतांचा कारभार म्हणून नाक मुरडायला नको. मी जे केलं ते शिकूनसवरून केलं.

आमचं गाव उंब्रजपासून दीड कोसावर. घरात आबा, आई, माझा थोरला भाऊ, त्याची बायको आणि मी. दादा पलटणीत होता, पण त्यात अप्रूप काही नव्हतं. ज्या घरातला एकही गडी पलटणीत नाही त्या घरात पोरगी द्यायला आमच्याकडं लोक का-कू करायचे. त्याचं लग्न होऊन वर्ष होतंय न होतंय तोवर लढाई पेटली आणि दादाची रवानगी बोटीनं मलायात झाली. जाताना तो आबांना एवढंच म्हणाला, "धाकट्याला नांगराला जुपू नगा. शिकवा." म्हणून मी सांगलीत एका जैन व्यापाऱ्याच्या घरामागच्या खोलीत, हळदीच्या वासात बसून, आधी शाळेचा अभ्यास केला आणि मग कॉलेजात इंग्रजी पुस्तकांतून आत्म्याचा शोध घेत राहिलो.

मलाया पडल्यावर सरकारी पत्र आलं. घरात इंग्रजी येणारा मीच, म्हणून ते माझ्याकडं सांगलीला पाठवलं. बेपत्ता, बहुधा ठार, असं त्यात होतं. मी गावी जाऊन तसंच सांगितलं. आबा ‘बेपत्ता’ धरून बसले आणि आई ‘ठार’. मग पलीकडच्या गावचा एक शिपाई पाय गमावून घरी आला. दादाच्या खंदकावर तोफेचा गोळा पडताना त्यानं डोळ्यांनी बघितला होता. त्यानंतर दादा आईच्या स्वप्नात यायला लागला. अंगणात उभा राहायचा आणि पाणी मागायचा.

"पोराला पानी न्हाई मिळालं," आई उठल्या उठल्या म्हणायची. "त्याचं कायतरी करा."

भटजी म्हणाले, देह सापडला नाही तर बारा वर्षं वाट बघावी असं शास्त्र आहे. आईला बारा दिवस निघेनात. शेवटी आम्ही कऱ्हाडला संगमावर गेलो. दर्भाचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, वर दादाचं धोतर पांघरलं. त्याला मूलबाळ नव्हतं म्हणून अग्नी मी दिला. दर्भ भसकन पेटला, नारळ तडकला, आणि माझ्या थोरल्या भावाचं दहन एक विडी ओढून होईपर्यंत आटोपलं. तिकडं घाटाच्या पायरीवर बायकांनी वहिनीचा चुडा दगडावर फोडला आणि नाकातली नथ काढून घेतली. तेव्हा ती वीस वर्षांचीही नव्हती.

आईची स्वप्नं थांबली. आता मला वाटतं, त्या काळात दादा जिवंत होता, शत्रूच्या तुरुंगात होता आणि तिथं तो खरोखरच पाणी मागत असेल. आम्ही त्याला पाणी दिलं ते तिळाचं.

लढाई संपल्यावर, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, तो आला. उंब्रजला मोटारीतून उतरून चालत आला. आबा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांच्यासमोर टाचा जुळवून उभा राहिला आणि त्यानं पलटणीतला नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव आणि तालुका सांगितला. आबांनी त्याच्या पायाला मिठी मारली, तसा तो गोंधळला आणि पुन्हा पहिल्यापासून नंबर सांगायला लागला. डाव्या कानाच्या वर त्याच्या डोक्याला लिंबू बसेल एवढा खळगा होता.

त्याला आमच्यापैकी कुणीही ओळखू येत नव्हतं. नाव, नंबर आणि गाव एवढंच त्याच्यापाशी शिल्लक होतं, आणि ते तो खिशातल्या वस्तू चाचपाव्यात तसं दिवसातून दहा वेळा म्हणून बघायचा. पण आमच्या आनंदाला तेवढं पुष्कळ होतं. आईनं स्वतःच्या हातानं वहिनीला कुंकू लावलं. कासाराला घरी बोलावून तिचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. गावभर गूळ वाटला. नथ तेवढी लढाईच्या महागाईत कधीच मोडली होती.

मी दादाला सांगलीला नेऊन एका डॉक्टरांना दाखवलं. वृद्ध होते, मिशीतल्या मिशीत बोलायचे. त्यांनी खळग्यावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "हे बघ, मेंदू हा शेवटी देहाचाच भाग. ऊस तोडला तर बुडख्यातून फुटतो, हा फुटत नाही. गेलं ते गेलं. राहिलंय ते सांभाळा. तीच खाट, तेच जेवण, तीच माणसं आसपास ठेवा. आणि नावानं हाक मारत जा. नाव त्याला येतंय ना? मग त्याच दाव्यानं त्याला बांधून ठेवा. नवं काही करायला जाऊ नका." फिट येण्याचीही भीती त्यांनी घातली होती. मी सगळं ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, हाडामांसाचा वैद्य हा, याला मनातलं काय कळणार.

कारण मला मनातलं सगळं कळत होतं. माझे प्राध्यापक शिकवायचे की आठवणींचा धागा सलग असेल तोवर माणूस तोच. धागा तुटला की तोच का दुसरा, हे ठरवणं कठीण. वर्गात सगळे पुस्तकातली उदाहरणं द्यायचे. माझ्याकडं घरी जितंजागतं उदाहरण होतं. मी दादावर एक निबंध लिहिला. प्राध्यापकांनी तो वर्गात वाचून दाखवला. हे लिहिताना आजही माझे कान तापतात, पण त्या दिवशी मी कॉलेजातून खोलीवर छाती काढून चाललो होतो.

सुट्टीत घरी आलो की हाच विषय. आबा देवळातल्या भजनाला बसणारे. ते म्हणायचे, "आत्मा कुटं मरतोय व्हय रं? कुडी जरा पिचली, पर त्यो त्योच हाय." आबांना वाद घालायची गरज नव्हती, म्हणून त्यांना कधी शंकाही आली नाही.

वहिनीची खूण निराळीच. एकदा चुलीपाशी ती मला म्हणाली, "भावजी, त्येस्नी माजं नाव ठावं न्हाई. नसू दे. पर भाकरी बघा. आदी वरला पापुद्रा काढत्यात, त्यात मीठ घालून खात्यात, मग खालची भाकरी. लगीन झाल्यापास्नं मी त्येच बघतीया. दुसरा मानूस असं कशाला खाईल?"

मी तिला समजावून सांगितलं की सवय ही शरीराची असते, तिला ओळख म्हणत नाहीत. ती हसली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात एक दिवस दादा सोप्यात बसला होता. वहिनी त्याच्यासमोर तांब्या ठेवून वळली तसा तो तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तुजी नथ कुटं गेली?"

एवढंच. पण तो ‘तू’ म्हणाला होता, आणि ज्या नाकात नथ नव्हती तिथं नथ असायची हे त्याला आठवलं होतं. वहिनी आधी देव्हाऱ्याकडं गेली, मग आईकडं, मग शेजारणीकडं, आणि ज्याला त्याला सांगत सुटली, "त्येस्नी माजी नथ आठवली." मी सांगलीहून आलो तेव्हा मलाही चार वेळा सांगितलं. तिचा नवरा तिच्याकडं परत यायला निघाला होता, आणि ती वाटेकडं डोळे लावून बसली होती.

तोवर गावात कुजबुज सुरू झाली होती. ज्याचं दहन झालं, दहावं झालं, ज्याच्या नावानं पिंड पडले, तो माणूस पंगतीला बसतोच कसा? एका लग्नात दादा जेवायला बसला तशी शेजारची दोन माणसं पत्रावळी उचलून पलीकडं सरकली. लेकुरवाळ्या बाया त्याला बघून पदर पुढं ओढायच्या. कुणाचा बैल मेला, कुणाचं पोर तापलं, की बोट आमच्या घराकडं. आबांनी भटजींना विचारलं. भटजींनी पोथी बघून सांगितलं की यावर उपाय आहे. असा माणूस पुन्हा जन्माला घालायचा. पाण्यातून काढायचा, मध चाटवायचा, बारसं करायचं आणि मग त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. फक्त नाव नवं ठेवायचं, कारण जुन्या नावानं पिंड पडलेत. ते नाव घरात घेणं म्हणजे प्रेताला हाक मारणं.

वहिनी घरामागं परड्यात माझ्यापाशी आली. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"भावजी, तुमी शिकल्यालं हाय. डाक्तरांचं तुमी सोताच्या कानानं ऐकलंय. नाव बदलू दिऊ नगा. त्येस्नी तेवडंच ठावं हाय."

मी म्हणालो, "वहिनी, भिऊ नका. मन कधी कधी धक्क्यानं जागं होतं. आईच्या मांडीवर पुन्हा जन्म, ही काही साधी गोष्ट नाही. कदाचित सगळंच परत येईल."

"आनि न्हाई आलं तर?"

"तर आहे तसंच राहील."

तिनं मान डोलावली. शिकलेला दीर म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटलं असावं. आबा माझ्या शब्दासाठीच थांबले होते. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी गावाशी वाकडं घेतलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही: मला ते सगळं बघायचं होतं. ज्याचं ‘मी’पण पुसलंय त्याला दुसरं ‘मी’ दिलं तर काय होतं, याची मला उत्सुकता लागली होती. माझ्या डोक्यात दुसरा निबंध तयार होत होता.

आषाढी एकादशीच्या आधीचा मुहूर्त धरला. तांब्याचं मोठं घंगाळ आणलं. पोथीत तुपाचं सांगितलं होतं. त्या दिवसांत तूप मिळतंय कुठं, म्हणून पाण्यात चमचाभर सोडलं. दादाला त्यात गुडघे छातीशी घेऊन, मुठी आवळून, डोळे मिटून बसवलं आणि वरून आईचं लुगडं पांघरलं. बोलायचं नाही असं बजावलं होतं. हुकूम पाळायची सवय असलेला माणूस, त्यानं पोथी संपेपर्यंत हूं की चूं केलं नाही. मग आईनं लुगडं काढलं आणि त्या सहा फुटी माणसाला काखेत धरून उठवलं. त्याच्या ओठाला मध लावला. पाळण्याच्या जागी धान्याच्या सुपावर त्याचा हात ठेवला. आत्या पुढं झाली, त्याच्या कानाशी तोंड नेलं, ‘कुर्रर्र’ केलं आणि नवं नाव सांगितलं. बायकांनी पाठीत बुक्के घालून तिला हसवलं, जसं कुठल्याही बारशाला करतात.

दादा हसला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी निवल्यासारखं दिसलं. मी ते वहिनीला बोटानं दाखवलं.

लग्न मात्र लगेच लागणार नव्हतं. चातुर्मास सुरू झाला, आता तुळशीचं लग्न होईपर्यंत मुहूर्त नाही. तोवर नवराबायकोनं एका घरात दोन टोकांना राहायचं. चारच महिन्यांचा तर प्रश्न, असं सगळे म्हणाले.

त्या चार महिन्यांत दादानं आपला हिशेब जुळवला. त्यानं नंबर म्हणायचा सोडला. कुणी चुकून जुनं नाव घेतलं तर तो मान खाली घालायचा, मेलेल्याचा विषय निघाल्यावर घालतात तशी. दिवाळीला मी घरी गेलो तर तो उठून उभा राहिला, वाकला आणि माझ्या पायाला हात लावला.

"दादा, हे काय करतोस?" मी मागं सरकलो.

"आवं, दादा तुमी," तो म्हणाला. "मी तर औंदाच्या आखाडातला."

मला आधी हसू आलं, हे कबूल करायला हवं. तो खोटं बोलत नव्हता आणि थट्टाही करत नव्हता. त्याच्या मनानं, डोक्याला खळगा असलेल्या त्या मनानं, एक सरळ हिशेब मांडला होता. या घराचा थोरला मुलगा लढाईत मेला. त्याला संगमावर अग्नी दिला. मग आखाडात आणखी एक मुलगा जन्मला, तो आपण. मधला भाऊ सांगलीत शिकतो, म्हणजे तो दादा. आणि थोरल्याची बायको म्हणजे आपली वहिनी. त्यात कुठंही फट नव्हती. मी माझ्या निबंधात इतकं नेटकं कधी मांडलं नव्हतं.

कार्तिकात मांडव घातला. वहिनीला हळद लागली होती. दादाला पाटावर बोलावलं तर तो दाराशीच हात जोडून उभा राहिला.

"वैनी मला आईच्या जागी," तो म्हणाला. "असलं पाप मला करायला लावू नगा."

आबांनी विनवलं, आईनं कपाळ बडवून घेतलं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "अरे, तो तूच आहेस. तू मेलाच नव्हतास."

"मग संगमावर कुनाला जाळलं?"

"पुतळा होता तो. गवताचा."

"अग्नी तुमीच दिला न्हवं?"

"दिला."

"म्हंजे खोटाच दिला?"

मी भटजींकडं बघितलं.

"आनि बारसं? तेबी खोटंच व्हय?"

खोटं होतं असं म्हणावं तर आईबापाच्या तोंडावर गावासमोर थुंकल्यासारखं, आणि खरं होतं म्हणावं तर तो बरोबर होता. भटजींनी पोथी मिटली. मांडवातली माणसं उठून गेली. वहिनी पाटावर एकटीच बसून राहिली, शेवटी आईनं तिला हाताला धरून उठवलं.

त्यानंतर दादा तिच्याशी फार चांगला वागला, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. तो तिच्या आधी उठून पाणी भरायचा. जळण फोडून द्यायचा. तिच्याकडं मान वर करून बघायचा नाही, तिच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही. पण एक गोष्ट त्याला खुपत होती. एक दिवस उंबऱ्याबाहेरूनच त्यानं विचारलं, "वैनी, राग मानू नगा. दादा जाऊन इतकी वर्सं झाली. तुमी कुकू का लावता? लोक नावं ठेवत्यात."

तो रोज विचारायला लागला. मग त्यानं तिच्या हातचं खायचं सोडलं. घरातल्या मेलेल्या माणसाचा मान राखला जात नाही, हे त्याला खरोखरच लागत होतं. आईच्या हातचं दोन घास खाऊन उठायचा. हाडं वर आली. डॉक्टरांनी जपायला सांगितलेला देह डोळ्यांदेखत वाळत चालला.

मी संक्रांतीला गावी गेलो. त्या दिवशी आमच्याकडं सवाष्णी नटूनथटून एकमेकींना वाणवसा द्यायला निघतात. वहिनी परड्यात धुण्याच्या दगडापाशी बसली होती. माझ्यासमोर तिनं दोन्ही हात दगडावर आपटले. पहिल्या वेळी चारचौघींनी तिचे हात धरून चुडा फोडला होता. या वेळी तिचं तिलाच करावं लागलं आणि एक काच मनगटात रुतली. मग तिनं पदर ओला करून कपाळ पुसलं.

"वहिनी, अहो हे काय? तो जिवंत आहे," मी ओरडलो.

"जेवत न्हाईत," ती म्हणाली. "काय करू?"

आत जाऊन तिनं ताट वाढलं. दादानं तिच्या कपाळाकडं बघितलं, मनगटाकडं बघितलं, आणि ताटावर बसून हुंदके देऊन रडला. आपल्या थोरल्या भावासाठी रडला. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, तीही रडत होती, आणि ज्याच्यासाठी दोघं रडत होती तो ताटावर बसलेला होता. मग त्यानं डोळे पुसले, भाकरी हातात घेतली, वरचा पापुद्रा सोडवला आणि त्यात मीठ घातलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मी बी. ए. झालो, चांगल्या वर्गात झालो. दुसरा निबंध मात्र लिहिला नाही. त्याचं श्रेय घ्यावं असं त्यात काही नाही, सुचलाच नाही. सांगलीतच एका शाळेत मास्तर झालो. दादाला पुढं फिट यायला लागल्या, डॉक्टर म्हणाले होते तशाच. आधी महिन्यातून एखादी, मग आठवड्याला. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका सकाळी, गोठ्यात शेण काढताना त्याला फिट आली आणि त्यातच तो गेला. या वेळी देह होता.

मी पोचलो तेव्हा अंगणात त्याला निजवलं होतं. गावच्या बाया जमल्या होत्या. मयताच्या बायकोला उशाशी बसवायचं, तिचा चुडा फोडायचा, बाकीच्या घरच्या बायकांनी पायथ्याशी बसायचं, अशी आमच्याकडची चाल. पण जाणत्या बाया नुसत्याच उभ्या होत्या. वहिनीच्या हातात फोडायला काही नव्हतं आणि कपाळावर पुसायला काही नव्हतं. म्हाताऱ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत होत्या.

वहिनी दारातून माझ्याकडं आली. तिचे डोळे कोरडे होते.

"भावजी," ती म्हणाली, "मी कोन त्येंची? उशाला बसू का पायाला बसू?"

तिनं चिडून विचारलं नव्हतं. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून तिनं मला विचारलं. माझ्यापाशी डॉक्टरांचं उत्तर होतं, प्राध्यापकांचं होतं, आबांचं होतं. त्यातलं एकही तिला सांगता येईना. ती अंगणाच्या कडेला, जिथं गावातल्या परक्या बाया बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसली.